शाळेचं अनुदान निकाल बघून द्यावं का?

कोयनाकाठ:
सरळच विचारतो. सरकार शाळांना पगारासाठी जो पैसा देतं त्याचा मुलांच्या निकालाशी काही संबंध असावा का नसावा?

आमच्या भागात दोन माध्यमिक शाळा आहेत, मधे फक्त एक ओढा. एक जुनी, शंभर टक्के अनुदानित. दुसरीला २००१ नंतर मान्यता मिळाली, म्हणजे ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का घेऊनच ती जन्माला आली. २००९ ला ‘कायम’ काढलं, मग मूल्यांकन, मग पात्र यादी, मग त्रुटी, मग २०१६ ला अनुदानाचा पहिला टप्पा, २० टक्के, आणि तिथून सरकत सरकत अजून शंभरावर काही पोचलेली नाही. आता या दुसऱ्या शाळेचा दहावीचा निकाल गेली बरीच वर्षं पहिलीपेक्षा चांगला लागतोय. पोरं त्याच वाड्यावस्त्यांवरची, पुस्तकं तीच, बोर्ड तेच. तरी एकीला पूर्ण पगार आणि दुसरीला अर्धामुर्धा, तो कशाच्या जोरावर? शाळा कुठल्या साली निघाली एवढ्यावरच.

माझं मत असं होत चाललंय की साल बघून पैसे देण्यापेक्षा काम बघून द्यावेत, आणि काम म्हणजे निकाल, दुसरं मोजायला आपल्याकडे आहे काय? संस्थेच्या बैठकीत हे बोललो तर आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चांगलंच झापलं. म्हणाले, असं झालं तर तू ज्या पोरांसाठी बोलतोयस तीच पहिल्यांदा शाळेबाहेर जातील. पुढे काही बोलले नाहीत. त्यांना नक्की काय म्हणायचं होतं ते इथल्या शिक्षक मंडळींकडून समजून घ्यायचंय.

शेवटचाबाक:
कॉप्या वाढतील. बाकी काही होणार नाही.

लेखापाल:
शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलं म्हणून थोडं सांगतो, कारण अनुदान म्हटलं की लोकांना वाटतं सरकार संस्थेच्या खात्यात गठ्ठा टाकतं. तसं नाहीये. अनुदान म्हणजे मुख्यतः मंजूर पदांचे पगार, आणि ते शालार्थ या सरकारी पगार-प्रणालीतून थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात जातात. पदं किती हे ठरतं संच मान्यतेत, संच मान्यता होते पटावर, पट धरतात ३० सप्टेंबरचा, आणि तोही ज्यांचं आधार वैध ठरलंय अशाच मुलांचा. आधारवर नावात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर पोरगं समोर बाकावर बसलेलं असलं तरी हिशेबात नाही. १५ मार्च २०२४ च्या जीआरनंतर कमी पटाच्या शाळांची पदं तर आणखीच धोक्यात आली. वेतनेतर अनुदान म्हणून जे काही वेगळं येतं त्यात वीजबिल, खडू, प्रयोगशाळेचं सामान, दुरुस्ती सगळं भागवायचं आणि ते भागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षातून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ३० पटापर्यंत वर्षाला १० हजार, १०० पटापर्यंत २५ हजार. तेही पटावरच.

म्हणजे कोयनाकाठ, तुम्ही विचारताय निकाल बघावा का, पण आज या साखळीत निकालही कुठे नाही आणि मुलांची गरजही कुठे नाही. फक्त डोकी मोजतात.

मुक्तछंद:
लेखापाल यांचा प्रतिसाद आवडला, पण त्यातून मूळ प्रश्न सुटत नाही. कर आपण सगळे भरतो. असर या शिक्षण-पाहणीचा अहवाल दरवेळी सांगतो की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही, आणि त्याबद्दल कोणाचा एक रुपया कधी कमी होत नाही की कोणाला कधी विचारलं जात नाही. जो शिक्षक संध्याकाळी थांबून पोरांकडून गणितं करून घेतो त्याला आणि जो मोबाईल बघत तास काढतो त्याला, दोघांना सारखाच पगार सारख्याच तारखेला. यात मेहनत करणाऱ्यावर अन्याय होत नाही का? मला कोयनाकाठ यांचं म्हणणं पटतं. सगळा पगार नको, पण काही भाग तरी निकालाला बांधा.

गोदाकाठी:
मुक्तछंद, एकदा दिवाळी झाली की बीडकडं या. वर्गात पस्तीस नावं आणि समोर पंधरा-सोळा लेकरं अशी आमच्याकडची बरीच गावं आहेत. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, लेकरं सोबत. हंगामी वसतिगृह सुरू व्हायला उशीर झाला तर आजी-आजोबा सांभाळतील तेवढीच मागं राहतात. त्यात पोरगी मोठी असली की आई म्हणते हिला एकटं ठेवून कशी जाऊ, आणि ती आई चुकीचं बोलत नसते. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात आणि दहावीची परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चात. आता या वर्गाचा निकाल लावा आणि शेजारच्या शहरातल्या, रोज दोन क्लासला जाणाऱ्या मुलांचा निकाल लावा आणि मग ठरवा कोणत्या शिक्षकाचा पगार कापायचा ते.

आमच्याकडचा शिक्षक फडावर जाऊन, मुकादमाच्या हातापाया पडून लेकरं परत आणतो. ते कुठल्या रकान्यात भरायचं सांगा.

वैनगंगा:
गोदाकाठी ताई बरोबर बोलल्या. आमच्या गडचिरोलीकडे पोरगं पहिलीत येते तेव्हा त्याच्या घरी माडिया नाहीतर गोंडी बोलतात, मराठी त्याने बाजारात ऐकली असेल तेवढीच. पुस्तक मराठीत, मास्तर मराठीत. दोन वर्षं तर नुसती एकमेकांची भाषा कळण्यातच जातात. २०२५ ला दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता आणि आमचा नागपूर विभाग ९०.७८ वर, सगळ्यात खाली. पेपरात आलं की लोक म्हणतात विदर्भातले मास्तर शिकवत नाहीत. अरे बाबा, पोरगं कुठून निघालं ते कोणी बघतच नाही, पोचलं कुठे तेच बघतात.

जुनीवही:
हा प्रश्न नवा नाही, आपल्याकडे तो एकदा करूनही बघितलेला आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी मदतीची पद्धत सुरू झाली. पुढे १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो या मंत्र्याने नियम आणला की शाळेचा पैसा मुलांच्या वाचन, लेखन, अंकगणिताच्या परीक्षेवर ठरेल. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाला उभं करणार, पास झालं तर शाळेला इतके पैसे, नापास झालं तर कमी. मॅथ्यू आर्नोल्ड हा कवी स्वतः शाळा तपासनीस होता, त्याने याला जोरदार विरोध केला, कारण शाळा यंत्रासारख्या झाल्या, पोरं पुस्तक पाठ म्हणायची आणि अर्थ विचारला की गप्प. इंग्लंडने १८९० च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान होतं आणि ते बरंच पुढे, व्हाईसरॉय कर्झनच्या काळापर्यंत टिकलं.

१८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांचं मुख्य गाऱ्हाणं हेच होतं की शेतकऱ्यांच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणाकडे जातो, बहुजनांचं प्राथमिक शिक्षण तसंच राहतं. पैसा कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच मांडला होता. निकालावर पैसा दिला की तो आपोआप ज्यांच्या घरात आधीच पुस्तकं आहेत त्यांच्याकडेच वळतो.

शेवटचाबाक:
एका ओळीत प्रतिसाद दिला म्हणून रागावू नका, आता आकडे देतो. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढले तर ७७.१० टक्के. २०२० ला ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी मूल्यमापन केलं, निकाल ९९.९५ टक्के. आता सांगा, २०१९ मध्ये राज्यातले सगळे शिक्षक एकदम शिकवायचे थांबले होते का? आणि २०२० ला एकदम हुशार झाले? २०१९ ला पगार निकालाला बांधलेला असता तर गुण द्यायची पद्धत बदलली म्हणून लोकांच्या घरची चूल बंद पडली असती.

मुक्तछंद:
हे आकडे मला माहीत नव्हते, चांगलं झालं दिलेत. पण मग मोजमाप सुधारा ना, मोजणंच सोडून द्यायचं हे कसं?

अबोली:
मुख्याध्यापक सरांना काय म्हणायचं होतं ते मला वाटतं मी सांगू शकते. माझी भाची नववीत होती, गणित आणि सायन्स कच्चं. शाळेने आईवडिलांना बोलावून सांगितलं की नववीत नापास करण्यापेक्षा तुम्ही दाखला काढून घ्या आणि तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या. का? तर शाळेची शंभर टक्क्यांची परंपरा. परंपरा या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आलाय. हॉलमध्ये फ्लेक्स, त्यावर पहिल्या तिघांचे फोटो, आणि ज्यांना गपचूप बाहेर काढलं त्यांचं कुठे नावही नाही. पोरगी घरी बसली, मैत्रिणी युनिफॉर्म घालून जाताना बघायची. आम्ही दुसऱ्या शाळेत घातलं, तिथल्या बाईंनी घेतलं हीच त्यांची मोठी गोष्ट, आणि ती पहिल्याच वेळी पास झाली.

नुसत्या फ्लेक्ससाठी शाळा असं करतात. तिथे पगार लटकला तर नववीच्या वर्गात काय होईल याचा विचार करा. आठवीपर्यंत कायद्याने काढता येत नाही म्हणून सगळा राग नववीवर.

कोयनाकाठ:
अबोली, हेच असणार. सर त्या दिवशी एवढे का चिडले ते आता कळलं. आमच्याकडेही १७ नंबरवाली मुलं आहेत, मी त्यांच्याकडे या नजरेने कधी बघितलं नव्हतं.

चाळीसटक्के:
माझ्या नावावरून कळलं असेल, आमची शाळा चाळीस टक्के अनुदानावर. आमच्या शाळेचा निकाल उत्तम लागतो आणि मी त्या शाळेत गणित शिकवतो. सुरुवातीची कितीतरी वर्षं बिनपगारी. लग्न जमताना मुलीकडचे विचारायचे, अनुदान कधी येणार? सकाळी गोठा, मग शाळा, संध्याकाळी लोकांच्या पोरांच्या शिकवण्या. २० टक्के आलं तेव्हा बायकोने पेढे वाटले होते. जुलै २०२५ ला आझाद मैदानावर मीही होतो, पावसात, चिखलात, आणि शेजारी माझ्यापेक्षा मोठे सर होते ज्यांची निवृत्ती टप्प्यावर असतानाच होणार आहे.

त्यामुळे कोयनाकाठ, तुमचा मुद्दा मला मनापासून जवळचा आहे, पण निकाल बघून पैसे द्या असं मी म्हणणार नाही. आमच्या मूल्यांकनाच्या निकषांत हजेरी, आरक्षणाचं रोस्टर, इमारत, निकाल सगळं होतं, ते सगळं पार करून आम्ही पात्र झालो, आणि पात्र झाल्यावर पैसे नाहीत म्हणून टप्पा. म्हणजे जिथे अट म्हणून निकाल लावला तिथेही निकाल दाखवून पगार मिळाला नाहीच. तुमच्या ओढ्याकाठच्या जुन्या शाळेतल्या सरांचा पगार कमी करा असं मला मुळीच वाटत नाही. तेच काम, तोच पगार, एवढंच मागतोय.

जुनीवही:
चाळीसटक्के सर, वाचून अस्वस्थ झालो. अनुदान हातात असलं की सरकार काय करू शकतं याचंही एक उदाहरण आपल्याकडे आहे. १९४८ मध्ये मुंबई सरकारने कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं अनुदान थांबवलं होतं, कारण त्यांचं एक भाषण आवडलं नाही. त्यात मुलांच्या शिकण्याचा काय संबंध? गाडगेबाबांनी तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला होता. म्हणून निकष काहीही असो, तो कायद्यात पक्का हवा, मंत्रालयातल्या मर्जीवर नको.

खाडीपल्याड:
अहो सगळे बोललात, पण कोकणाचं नाव कोणीच घेतलं नाही. विभाग झाल्यापासून दहावीत आम्हीच पहिले. २०२५ ला ९८.८२!

वैनगंगा:
आलेच कोकणवाले. धागा शंभरी गाठायच्या आत येणारच होते.

खाडीपल्याड:
येणारच, आमचा हक्कच आहे. पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, यात तुमच्या धाग्याचं उत्तर आहे. निकालात पहिला विभाग आमचा आणि शाळा बंद होण्याची भीतीही आमच्याकडेच जास्त. वाडीत दहा-बारा पोरं, बाकी सगळं मुंबईला. पट कमी म्हणून पद जातं, पद गेलं की पालक म्हणतात शिक्षकच नाही तर ठेवू कशाला, मुलं बाजारपेठेतल्या इंग्लिश मिडियमला जातात, की पट आणखी कमी. पावसात पऱ्याला पाणी आलं की लहान मुलं पुढच्या गावच्या शाळेत पोचू शकत नाहीत. म्हणजे निकाल पहिला असून फायदा नाही आणि अडचण खरी असून तिचीही दखल नाही. लेखापाल म्हणाले ते खरं, डोकी मोजतात.

दूरदेशी:
इंग्लंडात राहतो, मुलं इथल्या सरकारी शाळेत जातात म्हणून लिहितोय. इथे २०११ पासून प्यूपिल प्रीमियम आहे. शाळेत ज्या मुलांना गरिबीमुळे मोफत जेवण मिळतं, किंवा मागच्या सहा वर्षांत कधी मिळालं होतं, अशा प्रत्येक मुलामागे शाळेला नेहमीच्या पैशांपेक्षा जास्तीचा पैसा मिळतो. तो कशावर खर्च केला ते शाळेने वेबसाईटवर टाकायचं. निकाल वेगळे मोजतात, २०१६ पासून माध्यमिक शाळांना प्रोग्रेस ८ नावाचं माप लागलं, म्हणजे प्राथमिक संपताना मूल जिथे होतं तिथून सोळाव्या वर्षापर्यंत किती पुढे गेलं ते, आणि तेही तशीच सुरुवात असलेल्या देशभरातल्या मुलांशी तुलना करून. वैनगंगा म्हणाले ना, कुठून निघालं ते बघा, तेच हे. यातही त्रुटी आहेत, गरीब वस्तीतल्या शाळांचे आकडे यातही मागेच पडतात. पण पैसा गरजेवर आणि परीक्षण प्रगतीवर, हे दोन वेगळे ठेवलेत ते मला योग्य वाटतं.

पीचट्री:
आणि दोन्ही एकत्र केले की काय होतं ते आमच्या अटलांटात झालं. अमेरिकेत २००२ ते २०१५ नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्याने परीक्षेचे आकडे आले नाहीत की शाळेवर कारवाई व्हायची. २०११ च्या राज्याच्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांच्या गैरप्रकारात हात असल्याचं निघालं. चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेली. २०१५ ला ११ जण दोषी ठरले. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या मुलांना खरंच मदत हवी होती ती कागदावर पास होती, त्यामुळे त्यांना मदत मिळालीच नाही.

लेखापाल:
पीचट्री, आपल्याला अटलांटापर्यंत जायची गरज नाही. पैसा पटावर म्हटल्यावर पट फुगला. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना पडताळणी झाली, मग ऑक्टोबर २०११ मध्ये सगळ्या राज्यात ३ ते ५ तारखेला एकदम पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून, आणि कागदावरची लाखो मुलं वर्गात नव्हतीच. आधार वगैरे जे आलं ते त्यानंतर. २०२५ ला नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं, तिथे तर अपात्र लोकांनाच शिक्षक दाखवून पगार काढलेले. ज्या आकड्याला पैसा बांधाल तो आकडा फुगणार हे धरूनच चाला. पट निदान शाई लावून मोजता आला, निकाल फुगला तर तो कसा मोजणार?

मुक्तछंद:
दूरदेशी यांचा प्रतिसाद आणि लेखापाल यांचा, दोन्ही वाचून माझं म्हणणं आता असं आहे. पगार निकालाला बांधू नका, मान्य. पण मग ‘मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा’ या स्पर्धेत राज्यात पहिल्या शाळेला सरकारने ५१ लाख दिले, ते काय होतं? ज्या शाळेकडे आधीच सगळं आहे तीच जिंकणार. ज्या शाळेचं छप्पर गळतंय ती स्पर्धेत उतरणारच नाही. ते पैसे गोदाकाठींच्या हंगामी वसतिगृहाला वेळेवर दिले तर किती लेकरं राहतील?

गोदाकाठी:
वेळेवर दिले तर बरीच राहतील. ऑक्टोबरात, टोळ्या निघायच्या आधी पाहिजेत. डिसेंबरात आदेश आला तर वसतिगृह उघडून काय करणार, लेकरं फडावर पोचलेली असतात.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आता माझा प्रश्न बदलून विचारतो.

एक, टप्प्याचा प्रश्न निकालाचा नाहीच, तो बाकी राहिलेल्या पगाराचा आहे, पात्र ठरवलं तर पूर्ण द्या. चाळीसटक्के सरांशी शंभर टक्के सहमत. दोन, जास्तीचा पैसा द्यायचा तर तो जिथे मुलं स्थलांतर करतात, घरची भाषा वेगळी आहे, वाडी लांब आहे अशा शाळांना, आणि तो पटाच्या पलीकडे. आणि निकाल? निकाल मोजू नये असं मला अजूनही वाटत नाही, पालकांना कळायला हवं शाळेत काय चाललंय. पण अबोलींनी सांगितलं ती पळवाट बंद कशी करायची? तेवढं कोणी सांगेल का?

अबोली:
सोपं आहे, दहावीचा निकाल नववीच्या पटावर काढा. जून महिन्यात नववीत जितकी मुलं होती त्यातली किती दोन वर्षांनी दहावी पास झाली. ज्याला नापास केलं, दाखला देऊन घालवलं, १७ नंबरला ढकललं, तो सगळा खालच्या आकड्यात, म्हणजे छेदात, राहणार. ज्यांची बदली झाली आणि खरंच दुसऱ्या शाळेत गेले ते वजा करा.

लेखापाल:
हे होऊ शकतं आणि नवीन काही भरायला लागत नाही. नववीचा पट यूडायस या सरकारच्या शाळा-नोंदणीवर मुलामागे आहे, दाखला दिला की ती नोंद पडते, दुसऱ्या शाळेने घेतलं तर तीही पडते. १७ नंबरचा अर्ज बोर्डाकडे ऑनलाईन असतो. दोन्ही याद्या जुळवायच्या फक्त, आणि कोणाच्याही पगाराला बांधायचं नाही, शाळा व्यवस्थापनासमोर ठेवायचा. फक्त ऊसतोडीच्या भागात यादी लावताना गळती आणि स्थलांतर वेगळं दाखवावं, नाहीतर गोदाकाठींच्या शाळेवर पुन्हा तोच अन्याय.

चाळीसटक्के:
आमच्या शाळेचा असा आकडा मी काढून बघणार आहे. कमी आला तरी इथे टाकेन. आमच्या मागच्या दोन बॅचमधल्या कोणाकोणाला दाखला दिला ते मला माहितीये, काही मुली लग्नामुळे गेल्या, त्या कुठल्या रकान्यात घ्यायच्या?

अबोली:
त्या खालच्या आकड्यातच. आणि शक्य असेल तर त्यांच्या घरी जा सर, १७ नंबरचा फॉर्म त्यांच्यासाठीच खरा उपयोगाचा आहे.